दुकान आपलं, नावही आपलंच राहू दे

पौष महिन्यात मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. गुरांचा बाजार हे तिथलं मोठं आकर्षण, पण त्याच्या जोडीला लहानमोठ्या दुकानांच्या रांगाच रांगा लागतात. अशा कुठल्याही जत्रेत दुकान मांडणाऱ्या बाईला विचारा, तिची पहिली काळजी मालाची नसते. 'जागा कुठं मिळाली?' ही असते. तोंडावरची जागा मिळाली तर दुपारपर्यंत पाटी रिकामी. मागच्या गल्लीत मिळाली तर संध्याकाळी तोच माल डोक्यावर घेऊन घरी.

जागेची ही ओढाताण आता मोबाइलवरही आली आहे. शहापूर, मुरबाडकडच्या कितीतरी बायका घरी केलेले नाचणीचे पापड, करवंदाचं लोणचं, मोहाचे लाडू, हातसडीचा तांदूळ, शिवलेले ब्लाउज, हाताने केलेले दागिने इंटरनेटवर विकू लागल्या आहेत. कुणाचा एकटीचा धंदा, कुणाचा बचत गटाचा. भाच्याने किंवा लेकीने हौसेने एक वेबसाइट करून दिलेली असते. पण गिऱ्हाईक गूगलवर 'नाचणीचे पापड' असं शोधतं, तेव्हा आपलं दुकान कुठे तरी मागच्या गल्लीत! पहिल्या पानावर मोठमोठ्या कंपन्या, आणि आपण सातव्या पानावर. सातव्या पानापर्यंत कोण जातंय?

नेमक्या अशा वेळी कुणी तरी येतं आणि सांगतं, 'ताई, ॲफिलिएट प्रोग्रॅम सुरू करा. शंभर जण तुमच्या दुकानाची लिंक लावतील. लिंका वाढल्या की गूगलमध्ये नंबर आपोआप वर येतो. तुम्हाला फक्त कमिशन द्यायचं.' ऐकायला किती छान वाटतं! विक्रीही वाढणार आणि नंबरही. एका दगडात दोन पक्षी. पण मैत्रिणींनो, यातला पहिला पक्षी कधी कधी हाती लागतो, दुसरा बहुतेक वेळा लागत नाही, आणि दगड मात्र आपल्याच कपाळावर येऊन बसू शकतो. ते कसं, हे नीट समजून घ्यायला हवं. कारण यात पणाला लागतात ते बचत गटाच्या कर्जातून उभे केलेले पैसे, आणि त्याहून मोठं म्हणजे आपलं नाव.

ॲफिलिएट प्रोग्रॅम हा शब्द नवा असला तरी गोष्ट आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडची भेंडी, काकडी कल्याणच्या किंवा वाशीच्या बाजारात जाते तेव्हा मधे अडत्या असतोच. माल आपला, विकतो तो, आणि विकल्यावर त्याची अडत घेतो. ॲफिलिएट म्हणजे इंटरनेटवरचा अडत्या. तो आपल्या वेबसाइटवर, यूट्यूबच्या व्हिडिओखाली किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तुमच्या दुकानाची लिंक लावतो. त्या लिंकच्या शेपटीला त्याची खूण जोडलेली असते. कुणी तिच्यावर बोट ठेवून तुमच्या दुकानात आलं आणि ठरलेल्या मुदतीत खरेदी केली, की त्या खुणेवरून कळतं, हे गिऱ्हाईक अमक्याने पाठवलं. मग त्याला ठरलेले टक्के मिळतात. विक्री नाही तर कमिशन नाही.

पद्धत जुनी आहे. अमेरिकेत ॲमेझॉनने १९९६ मध्ये ती सुरू केली, तेव्हा ती कंपनी फक्त पुस्तकं विकत होती. आपल्याकडे फ्लिपकार्ट २००७ मध्ये आलं, ॲमेझॉनचं भारतातलं दुकान २०१३ मध्ये उघडलं, आणि त्यांच्यासोबत ही कमिशनची पद्धतही गावोगाव पोचली. मुंबईत २०१० मध्ये सुरू झालेली 'कूपनदुनिया' ही वेबसाइट याच तत्त्वावर चालणारी. वेगवेगळ्या दुकानांची सवलतीची कूपनं एका जागी दाखवायची आणि तिथून झालेल्या खरेदीवर कमिशन घ्यायचं. तेव्हा या धंद्यात वाईट असं काही नाही. अडत्या वाईट नसतो. प्रश्न एवढाच, की अडत्यामुळे आपल्या दुकानाला तोंडावरची जागा मिळते का?

हे कळायला गूगल जागा कशी ठरवतं ते थोडं बघू. गूगल ही कंपनी १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी काढली. त्यांची मूळ कल्पना आपल्या गावातल्या व्यवहारासारखीच होती. गावात चांगली शिवणारी कोण, हे कसं कळतं? चार जणी तिचं नाव सांगतात त्यावरून. त्यातही एखाद्या जाणत्या बाईने नाव घेतलं तर त्याला जास्त वजन. इंटरनेटवर एका वेबसाइटने दुसरीची लिंक दिली, की गूगल ते एक मत धरतं. ज्याला वजनदार मतं जास्त, तो वर. आज गूगल याशिवाय आणखी खूप गोष्टी बघतं. पानावर कामाची माहिती आहे का, ते मोबाइलवर चटकन उघडतं का, शोधणारा कुठल्या गावात आहे, अशा अनेक. पण लिंक म्हणजे मत, हा पाया अजून आहे.

आणि मत म्हटलं की मतं विकत घेणारे आलेच! निवडणुकीत होतं तेच इथेही झालं. पैसे देऊन लिंका लावून घ्यायचा बाजार उभा राहिला. म्हणून जानेवारी २००५ मध्ये गूगलने एक खूण काढली, तिचं नाव 'नोफॉलो'. ही खूण ज्या लिंकला लावली, ती लिंक गिऱ्हाइकाला रस्ता दाखवते पण मत म्हणून धरली जाऊ नये, असा तिचा अर्थ. सप्टेंबर २०१९ मध्ये पैशाच्या लिंकांसाठी 'स्पॉन्सर्ड' अशी वेगळी खूण आली. कमिशनच्या लिंकांना या खुणा लावा, असं गूगलने जुलै २०२१ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट सांगितलं, आणि न लावल्यास कारवाई होऊ शकते असंही बजावलं.

म्हणजे काय झालं बघा. ॲफिलिएट माणूस नियमाने वागला, तर त्याच्या लिंकमुळे तुमचा नंबर वाढावा अशी अपेक्षाच चूक. आणि तो नियमाने वागला नाही, तर नंबर खाली जायची भीती. शंभर लिंका लावून नंबर वर आणतो म्हणणारा माणूस तुम्हाला यातलं काहीच सांगत नाही.

'आपण एवढेसे, गूगलला काय कळतंय?' असं कुणाला वाटेल. तर मोठ्या मोठ्यांचं काय झालं ते ऐका. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या जुन्या, बड्या दुकानासाठी हजारो ठिकाणी पैशाच्या लिंका लावल्याचं न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीला आणलं. त्याआधी ऐन सणासुदीच्या दिवसांत कपड्यांपासून गालिच्यापर्यंत काहीही शोधलं तरी हे दुकान पहिलं दिसायचं. बातमी आली आणि ते गूगलमध्ये एकदम खाली घसरलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये इंग्लंडच्या इंटरफ्लोरा या फुलं पाठवणाऱ्या कंपनीची गत तर आणखी वाईट झाली. बातमीसारख्या दिसणाऱ्या जाहिरातींतून लिंका लावल्याबद्दल ती काही दिवस गूगलमधून अशी गायब झाली, की तिचं स्वतःचं नाव टाकूनही ती वर सापडेना! आणि गंमत म्हणजे जानेवारी २०१२ मध्ये खुद्द गूगलच्याच क्रोम ब्राउझरच्या जाहिरातीत पैशाची लिंक सापडली, तेव्हा गूगलने आपल्याच क्रोमच्या पानाची जागा किमान साठ दिवसांसाठी खाली केली. या बड्यांकडे वकील होते, तज्ज्ञ होते, पैसा होता. ते सावरले. आपल्या बचत गटाची वेबसाइट दिवाळीच्या तोंडावर अशी गायब झाली, तर केलेल्या चकल्यांचं काय करायचं?

दुसरा धोका जरा आतला आहे, पण रोजच्या अनुभवातला. समजा, तुमच्या गटाने मोहाच्या लाडवाची माहिती मन लावून लिहिली. मोह कधी वेचतात, कसा सुकवतात, लाडवात काय काय घालतात. वीस ॲफिलिएटांनी ती जशीच्या तशी उचलून आपापल्या वेबसाइटवर टाकली. आता गूगलला एकच मजकूर एकवीस ठिकाणी दिसतो. ते सगळे एकवीस दाखवत नाही, त्यातला एखादाच निवडतं. आणि तो तुमचाच असेल याची काय खात्री? एखादी मोठी, जुनी वेबसाइट असेल तर ती वर येते आणि ज्या बाईने उन्हात मोह वेचला तिचं पान खाली जातं. लेक आपली, आणि लग्नपत्रिकेवर नाव दुसऱ्याचं, तशातली गत.

याच्या जोडीला कूपनवाल्यांचा प्रकार. तुमचं जुनं गिऱ्हाईक, डोंबिवलीची एखादी वहिनी समजा, दर दिवाळीला तुमच्याकडून पापड घेते. या वर्षी पैसे भरता भरता तिच्या मनात आलं, बघू या कुठे सवलत मिळतेय का. तिने तुमच्या दुकानाचं नाव आणि पुढे 'कूपन' असं टाकलं. वर आली कूपनवाल्याची वेबसाइट. तिच्यावरून ती परत तुमच्याकडेच आली आणि खरेदी केली. म्हणजे गिऱ्हाईक तुमचं, ओळख तुमची, पण कमिशन कूपनवाल्याला! शिवाय तुमच्याच नावाने शोधलं तरी तुमच्या शेजारी तो ठाण मांडून बसला, ते वेगळंच.

आता जरा हिशेब मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. अर्धा किलो नाचणीच्या पापडांची किंमत २४० रुपये. माल आणि पाकीट १२० रुपये, गटातल्या बायकांची मजुरी ५० रुपये, कुरिअर ५० रुपये. झाले २२०. उरले २० रुपये. ॲफिलिएटला दहा टक्के कबूल केले तर त्याचे २४ रुपये. म्हणजे दर पाकिटामागे चार रुपये घरातून! पाच टक्के दिले तर बारा रुपये त्याचे आणि आठ तुमचे. शंभर पाकिटांत तुमचे आठशे, त्याचे बाराशे. त्यातही चाळीस पाकिटं जुन्याच गिऱ्हाइकांनी कूपन शोधून घेतलेली असतील, तर त्यांचे ४८० रुपये तुम्ही उगाच वाटले. मजुरीचे ५० रुपये धरायचेच नाहीत, म्हणजे नफा दिसेल, असं कृपा करून करू नका. आपल्या घामाला शून्य किंमत लावायची सवय बायकांना फार आहे. कमिशनवाल्याचा टक्का मात्र आपण पैशापैशाने मोजतो.

तिसरा धोका कायद्याचा, आणि तो शहापूरच्या जंगलमालाला जास्त लागू आहे. शहापूरच्या गुळवेलीचं नाव कोविडच्या काळात देशभर झालं. इथल्या कातकरी तरुणांच्या गटाला वनधन योजनेतून डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची, १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी मिळाली. ज्यांना वर्षानुवर्षं वीटभट्टीशिवाय दुसरा रस्ता दिसत नव्हता, त्या समाजातल्या मुलांनी हे करून दाखवलं, याचा अभिमान वाटायलाच हवा. त्या मागणीत माल कुठल्या जंगलातला आणि वेचणारे हात कुणाचे, हे घेणाऱ्याला माहीत होतं. आता कल्पना करा, अशाच एखाद्या गटाच्या गुळवेलीच्या पुडीची लिंक कमिशनसाठी लावणारा कुणी लिहितो, 'ही पावडर घ्या, मधुमेह कायमचा जाईल.' गटाने असं कधी म्हटलेलं नसतं. पण अशा जाहिरातींना बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे आणि त्याच्या यादीत मधुमेहाचं नावही आहे. पाकिटावर नाव तुमचं, पत्ता तुमचा. विचारायला माणूस आधी कुणाच्या दारात येणार? लिंक लावणारा कुठल्या शहरात बसलाय, हे तुम्हाला ठाऊकही नसतं.

हे झालं विकणाऱ्या मैत्रिणींचं. पण आपल्यातल्या कितीतरी जणी पलीकडच्या बाजूलाही आहेत. दुपारी हातातलं काम आटोपलं की साड्यांचे, कुकरचे, क्रीमचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे आणि खरेदी झाली की कमिशन घ्यायचं. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मीशोने अशी विक्री घराघरात नेली. घराबाहेर पडायला ज्यांना मुभा नाही, त्यांच्या हातात यातून चार पैसे आले, त्या पैशांची किंमत कुणी कमी लेखू नये. पण इथेही दोन गोष्टी सांभाळायला हव्यात.

पहिली गोष्ट, लिंक कमिशनची आहे हे सांगायचं. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेने जून २०२१ पासून तसा दंडक घातला. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही सांगितलं, की पैसे, भेटवस्तू किंवा कुठलाही लाभ घेऊन शिफारस करत असाल तर ते ठळक आणि साध्या भाषेत लिहा. फसव्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सरकारचा माणूस टोकावड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये येऊन बसणार नाही, हे खरं. पण मावशीला 'मी वापरते, फार छान आहे' असं सांगून न वापरलेलं क्रीम खपवलं, आणि तिच्या चेहऱ्यावर पुरळ उठलं, तर त्याचा दंड कुठल्या कोर्टात भरणार? 'मला यात कमिशन मिळतं' असं सरळ लिहिलं तर कुणी रागावत नाही. उलट विश्वास वाढतो.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. 'ॲफिलिएट मार्केटिंग शिकवतो' म्हणत कुणी तुमच्याकडे आधी पाच-दहा हजार रुपये मागितले, आणि कमाई कशी होणार तर 'आणखी चार जणींना आणा, त्यांच्या पैशातून तुम्हाला वाटा,' असं सांगितलं, तर तिथूनच परत फिरा. हा ॲफिलिएटचा धंदा नव्हे. ही साखळी आहे. खऱ्या ॲफिलिएटला माल विकला गेल्यावर कमिशन मिळतं, सामील व्हायला पैसे भरावे लागत नाहीत. माणसं जोडून पैसे फिरवणाऱ्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनी पिरॅमिडच्या योजना पुन्हा स्पष्टपणे मना केल्या आहेत. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा, ग्राहक म्हणून तक्रार असेल तर १९१५ वर.

मग काय, ॲफिलिएट प्रोग्रॅम करायचाच नाही? तसं नाही. आमचं म्हणणं असं, की कमिशन विक्रीसाठी द्या, लिंकेसाठी देऊ नका, आणि नंबर वाढेल या आशेवर तर मुळीच देऊ नका. एखादी बाई खरोखर तुमचे पापड तळून, खाऊन, आपल्या शब्दांत, आपल्या व्हिडिओत लोकांना सांगत असेल, तर तिला कमिशन जरूर द्या. तिच्यामुळे लोकांना तुमचं नाव कळतं. मग ते गूगलवर नुसते 'पापड' न शोधता तुमच्या गटाचं नाव टाकून शोधतात. कुणी आपणहून, पैसे न घेता, तुमच्याबद्दल लिहितं. नंबरावर परिणाम व्हायचा तो या वळणाने होतो, हळूहळू होतो, आणि टिकतो.

असा प्रोग्रॅम करायचाच असेल तर चार अटी कागदावर लिहून घ्या. आमचा मजकूर जसाच्या तसा उचलायचा नाही, आपल्या शब्दांत लिहायचं. लिंकेला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' खूण लावायची. आम्ही न केलेला दावा, विशेषतः रोग बरा होण्याचा, करायचा नाही. आमच्या दुकानाच्या नावाने गूगलवर जाहिरात लावायची नाही. आणि कमिशन माल परत करायची मुदत उलटल्यावरच मिळेल, हेही घाला. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाला एक गोष्ट आवर्जून सांगा, की ॲफिलिएटांच्या शेपट्या लागल्यामुळे एकाच पानाचे दहा पत्ते होतात, तेव्हा त्यातला मूळ पत्ता कुठला हे गूगलला सांगणारी 'कॅनॉनिकल' खूण पानावर लाव. त्याला कळेल. नाही कळलं, तर त्याने शिकून घ्यायला हवं.

आणि पैसा न घालता करण्यासारखं किती तरी आहे. तुमचं असं दुकान असेल, जिथे गिऱ्हाईक प्रत्यक्ष येतं, तर गूगलच्या नकाशावर ते फुकट नोंदवता येतं. आसनगावला उतरून माहुलीला निघालेला किंवा माळशेजला जाताना मुरबाडमध्ये थांबलेला माणूस जवळपास काय मिळतं हे मोबाइलवर बघतो, तेव्हा तिथे तुम्ही दिसायला हवं. वस्तूची माहिती मराठीतही लिहा. 'नाचणीचे पापड, शहापूर' असं शोधणाऱ्यापुढे मोठी कंपनी तुमच्याइतकी नेमकी असणारच नाही. फोटो आपल्याच वाळवणाचे घाला, इंटरनेटवरून उचललेले नकोत. जुन्या गिऱ्हाइकांना खरा अभिप्राय लिहायला सांगा, पण पैसे देऊन किंवा नातेवाइकांकडून खोटे अभिप्राय लिहून घेऊ नका. 'पहिला नंबर देतो, खात्री आमची' असं कुणीही म्हणालं तर लक्षात ठेवा, अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगतं. गूगलवर जाहिरातीची जागा विकत मिळते, पण ती जाहिरात म्हणूनच दिसते. खालची जागा विकाऊ नाही.

एक गोष्ट सरकारी यंत्रणेलाही सांगायला हवी. डिसेंबर २०१६ मध्ये मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता! दुकानादुकानात कार्डाची यंत्रं आली. यंत्र देणं सोपं असतं. त्यामागचा व्यवहार समजावून सांगणं हे खरं काम. बचत गटांच्या प्रशिक्षणात आज पाकीट कसं करायचं, लेबल कसं लावायचं, प्रदर्शनात कसं बोलायचं हे शिकवतात, ते चांगलंच आहे. उमेद अभियानाने बचत गटांच्या वस्तूंसाठी उमेद मार्ट ही ऑनलाइन बाजारपेठही उभी केली आहे. पण आपल्या वेबसाइटचा पासवर्ड कुणाकडे असावा, कमिशनचा करार कसा वाचावा, गूगलमध्ये आपण कुठे आहोत हे 'सर्च कन्सोल' या फुकटच्या साधनावर कसं बघावं, हे कुणी शिकवायचं? पंचायत समितीच्या सभागृहात एक दिवसाचं शिबिर घेतलं तरी पुष्कळ गोष्टी हाताशी येतील. तालुक्याच्या महाविद्यालयांत संगणक शिकणारी आपलीच मुलंमुली आहेत. त्यांनी दर महिन्याला एका गटाची वेबसाइट नुसती तपासून दिली, तरी बाहेरच्या दलालाची गरज निम्मी कमी होईल.

काळ पुन्हा बदलतोय, हेही ध्यानात असू द्या. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल काही प्रश्नांना लिंकांच्या वरच स्वतः तयार केलेलं उत्तर दाखवू लागलं आहे. उद्या आणखी काही येईल. नंबर वर नेण्याच्या युक्त्या दर वर्षी जुन्या होणार आणि नव्या युक्त्या विकणारेही दर वर्षी नवे येणार. न बदलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे गिऱ्हाइकाने तुमचं नाव लक्षात ठेवून, तुमच्याच नावाने तुम्हाला शोधणं. हे नाव मिळवायला आपल्या आया-आज्यांना वर्षं लागली. 'अमकीच्या हातचे पापड' म्हटलं की पंचक्रोशीत दुसरं काही सांगावं लागत नसे.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. गटाच्या बैठकीत आपल्या दुकानाचं नाव मोबाइलवर टाकून बघा. सगळ्यांत वर कोण दिसतंय? आपण, की आपल्या नावावर कमिशन कमावणारा दुसराच कुणी? वेबसाइटचा पासवर्ड, नकाशावरची नोंद, ॲफिलिएटांची यादी आणि त्यांना दिलेले पैसे, या चार गोष्टी बचत गटाच्या वहीत, अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीने लिहून ठेवा. कर्जाचा हप्ता जितक्या काळजीने लिहितो, तितक्याच काळजीने. कारण कर्ज एक दिवस फिटतं. गेलेलं नाव परत मिळवायला मात्र कुठलीच बँक कर्ज देत नाही.